लिहिलेलं बोलायचं नाही

सकाळी कोपऱ्यावरची टपालपेटी जागेवर नव्हती. आदल्या संध्याकाळी होती. मी तिच्यात पत्र टाकलं होतं, ते आत पडल्याचा आवाज ऐकला होता आणि तिच्या डोक्यावर दोनदा थोपटलं होतं, म्हशीला थोपटतात तसं. आता तिथे फुटपाथवर एक फिकट गोल डाग होता आणि त्यात चार बोल्ट उभे होते, कुणासाठी तरी जागा धरून ठेवल्यासारखे. शेजारचा पावसाळी गटाराचा खड्डा रात्रीतून लांब झाला होता. मी त्या डागाकडे बघत उभा राहिलो. चेन्नईच्या टी. नगरात सकाळी असं उभं राहता येत नाही, लोक तुम्हाला रांग समजतात. माझ्यामागे एक बाई येऊन उभी राहिली, तिच्यामागे एक गृहस्थ. कशाची रांग आहे हे दोघांनीही विचारलं नाही. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये कोपऱ्यावरच्या फुलवालीला विचारलं, पेटी कुठे गेली? "लॉरीत," ती म्हणाली. पत्रांसकट? "मी काय आत डोकावले?" कुणी नेली? "खड्डेवाल्यांनी. बसस्टॉपची पाटीपण नेली. मलापण नेत होते, मी उठलेच नाही." एवढं बोलून तिने मोगऱ्याच्या सरीवर पाणी मारलं. मी रांगेतून बाहेर पडलो. बाई एक पाऊल पुढे सरकली.

गिंडीहून कंपनीची बस सुटते. खिडकीला डोकं लावून बसलं की इंजिनाची थरथर दातांत येते आणि विचार करायचं काम परस्पर टळतं. त्या दिवशी टळलं नाही. असं काय मोठं झालं, मी स्वतःला विचारलं, एक पत्र. पण त्या पत्रात मी बाबांना लिहिलं होतं की मी परत येत नाही. आमच्या कंपनीचा दुसरा कारखाना चाकणला आहे आणि आमचं घर तळेगावला. चेन्नईत इतकी वर्षं काढल्यावर कंपनीने आपणहून चाकणची बदली देऊ केली. मी ते आईला फोनवर सांगून टाकलं आणि मग विचार केला. हा क्रम चुकला. मी विचार करेपर्यंत तिकडे माझी खोली रिकामी करून झाली होती, आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे वडील, अनंतराव, सुताराला घेऊन भिंतीची मापं काढत होते. कंपनीला नकार कळवायला एक मेल पुरली. 'संधीबद्दल आभार' एवढं लिहिलं की त्यांच्याकडे सगळं समजतं. घरी तसं लिहिता येत नाही. घरी चार पानं लागली, आणि ती चार पानं आता एका लॉरीत बसस्टॉपच्या पाटीला टेकून कुठेतरी उभी होती.

इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात मी मोटारींच्या धक्के शोषणाऱ्या रबरी बुशबद्दल येणाऱ्या तक्रारींना उत्तरं देतो. रबराला तडा का गेला, पुन्हा जाणार नाही याची आम्ही काय काळजी घेतली, असं मी रोज लिहितो, आणि रबर आपल्या मनाने रोज पुन्हा तडकतं. माझं नाव मानाजी. पणजोबांचं ठेवलंय. इथल्या साहेबांना वाटलं यातला 'जी' आदरार्थी आहे, म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी तो काढून टाकला. तेव्हापासून मी नुसता माना आहे. तक्रार नाही. दिवसभर मी ज्यांना लिहितो त्यांच्याशी मला काही बोलायचं नसतं, आणि ज्यांच्याशी बोलायचं असतं त्यांच्याशी फोनवर जेवणाच्या पलीकडे विषय जात नाही. संध्याकाळपर्यंत एक थकवा साचतो. झोप येत नाही असं नाही, येते. पण दुसऱ्या कुणीतरी वापरून धुवून ठेवलेली झोप असावी तशी लागते. सकाळी उठल्यावर ती परत करावीशी वाटते.

पत्रांचं खूळ मला कनकाबाईंमुळे लागलं. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहतो. तंजावरकडचं मराठी घराणं, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. त्यांचं मराठी माझ्या मराठीपेक्षा तीनेकशे वर्षांनी मोठं आहे आणि त्याच अधिकाराने माझ्याशी वागतं. त्या लिहितातही मराठीच, पण तमिळ अक्षरांत. त्यामुळे आम्ही दोघं एकाच भाषेत पत्रं लिहितो आणि एकमेकांची वाचू शकत नाही. घरमालक आणि भाडेकरूत इतका आडपडदा असलेला बरा. दर शुक्रवारी त्या तंजावरला आपल्या धाकट्या बहिणीला, राजसबाईंना, पत्र घालतात. रोज दुपारी दोघी फोनवरही बोलतात. आणि या घराचा एक नियम आहे. जे पत्रात लिहून पेटीत टाकलं, ते पत्र पोचेपर्यंत तोंडाने सांगायचं नाही.

मला हे कळलं ते कनकाबाईंच्या मोतीबिंदूच्या वेळी. डोळ्यावर हिरवी झापड लावून त्या झोपाळ्यावर बसल्या होत्या आणि फोन कानाला होता.

"काय करूं? बसले आहें," त्या म्हणत होत्या. "नाहीं गे, विशेष कांहीं नाहीं. तुझें काय?"

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "ऑपरेशन झालं ते सांगितलं नाही?"

"पत्रांत घातलें आहे."

"पण आत्ता फोनवर होत्या ना त्या?"

"होती. तर?" एका डोळ्याने त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की दुसरा नसल्याची उणीव भासली नाही. "पत्रांत घातलें तें तोंडानें काढायचें नाहीं पा. उष्टें होतें. ती बिचारी पाकीट फोडेल, वाचेल, आणि आंत सगळें ठाऊक असलेलें. मग पत्र कशाला?"

"आणि त्यांना राग नाही येणार, की आधी कळवलं नाही?"

"येईल की. पत्रांत लिहील."

कोपऱ्यातून त्यांचे यजमान, रामस्वामी राव, पेपर खाली न घेता म्हणाले, "हिच्या बहिणीच्या घरीं नातू झाला तें ह्या घरांत सर्वांच्या शेवटीं मला कळलें. पत्र हिच्या नांवें होतें."

"तुम्हांस कोण लिहितो?" कनकाबाई म्हणाल्या.

"कोणी नाहीं. म्हणून तर डोळे चांगले राहिले."

मी हसलो, माडीवर गेलो, आणि कुणाला सांगण्यासारखं हे आहे असं वाटून फोन हातात घेतला. मग तो खाली ठेवला. फोनवर हे तीन वाक्यांत संपलं असतं आणि पलीकडून 'भारी' आलं असतं. त्याऐवजी ऑफिसातून आणलेल्या कोऱ्या कागदांवर लिहायला बसलो. हात पहिल्या अर्ध्या पानातच दुखला. मला मोबाइलवर अंगठ्याने लिहायची इतकी सवय की पेन धरलेला अंगठा मधूनच कागदावर काहीतरी दाबायला बघायचा. पण दुसऱ्या पानावर एक विचित्र गोष्ट झाली. आपण काय सांगणार आहोत हे मला ठाऊक नव्हतं आणि हात ते सांगत होता. झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज आला, हिरव्या झापडीतून निघालेला कापूस आला, आणि मग कशावरून कोण जाणे, लहानपणी बाबांच्या स्कूटरच्या पुढे उभं राहून धरणावर जायचो तेव्हा त्यांची हनुवटी माझ्या टाळूवर टेकायची, ते आलं. हे मला आठवतं हेच मला माहीत नव्हतं. खोडायला रबर नव्हतं. खोडलेलं दिसतच राहतं, म्हणून खोडलं नाही. समोर कुणी 'टायपिंग' करत नव्हतं, दोन निळ्या खुणा उमटायच्या नव्हत्या, मी थांबलो तर कुणी ताटकळत नव्हतं. पलीकडचा माणूस पूर्णपणे गैरहजर होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी इतका वेळ बोलत होतो. पाकिटाला जीभ लावली तेव्हा डिंकाची ती गोडसर, मळकट चव आली आणि त्या रात्री मी आपलीच झोप झोपलो.

मी सगळ्यांना लिहिलं. यशला, शाळेपासूनच्या मित्राला, पाच पानं गेली. त्याने पाकीट बघून लग्नपत्रिका समजून ते आठवडाभर फ्रिजवर ठेवलं, मग उघडलं, आणि घाबरून फोन केला. "सगळं ठीक आहे ना रे? खरं सांग. कुणाशी बोलायचंय का तुला? माझ्याकडे एका बाईंचा नंबर आहे, चांगल्या आहेत, ऑनलाइन सेशनपण घेतात." मी म्हटलं, तुझ्याशीच बोलायचं होतं, बोललो. "हो, पण हाताने?" तो म्हणाला. माझी बहीण अवनी हिने उत्तर दिलं. पत्राचा फोटो काढून त्यावर एक बदाम ठेवून मलाच परत पाठवला. आजकाल हाताने लिहिलेलं माणूस फक्त जाताना ठेवतो, असा लोकांचा समज झालाय. मी जात नव्हतो. मी ऑफिसातून येऊन लुंगी लावून बसलो होतो.

पत्राला पत्र आलं ते एकट्या बाबांचं.

बाबा फोनवर 'हं' म्हणतात. आमच्या घरची दूरध्वनीसेवा आई, शशिकलाबाई, चालवते. ती बोलते, मग म्हणते घे बाबांशी बोल, मग फोनच्या हस्तांतरणाचा खडखडाट, मग 'हं. बरा आहेस ना. ठेवतो.' त्यानंतर त्यांना लाल बटण सापडत नाही, म्हणून फोन बराच वेळ चालू राहतो आणि मला आमच्या हॉलचे आवाज ऐकू येत राहतात, पंखा, कुकर, आईचं काहीतरी. खरं घर मी तेवढंच ऐकतो. या माणसाने मला निळ्या शाईने, दोन्ही बाजूंनी भरलेलं पत्र लिहिलं. शेजाऱ्यांचं कुत्रं माझ्या स्कूटरच्या सीटवर झोपायला लागलंय, म्हणून हल्ली भाजी आणायला पायी जातो, त्याची झोपमोड कशाला. धरणावरची पाण्याची पातळी अजूनही रोज पेपरात बघतो, कुणी विचारत नाही, तरी. नोकरीच्या पहिल्या वर्षी मलाही तू लिहितोस तसा थकवा यायचा. मी तो कुणाला सांगितला नाही, कारण तेव्हा त्याला नाव नव्हतं. आणि खाली सही होती: तुझा, अनंत. 'बाबा' नव्हे. हा अनंत मला आधी भेटलेला नव्हता. मला तो आवडला. मी त्याला लगेच लिहिलं. तेव्हापासून वर्षभर आमचं चाललंय, आणि फोनवर आम्ही त्यातलं अवाक्षर काढत नाही. मी कनकाबाईंचा नियम त्यांना कळवलेला नाही. ते मुळातच तसे आहेत.

आता या माणसाला मी काय लिहिलं होतं? की चाकणला आलो तर रोज संध्याकाळी आपण एकाच हॉलमध्ये असू. तुम्ही पेपर वाचाल, मी फोन बघेन. तुम्ही 'जेवलास का' विचाराल आणि मी तुमच्यासमोर जेवलेलो असेन. घरी आलो तर घरी पत्र कसं लिहिणार? कुत्रं स्कूटरवर झोपतं हे मला दिसेलच, आणि जे दोघांना दिसतं ते कोण कुणाला सांगतो. असं चार पानं. हे कागदावर फार सरळ वाटत होतं. तोंडाने म्हणून बघितलं, खोलीत, दार लावून: "बाबा, मला तुमच्याशी बोलत राहायचंय म्हणून मी येत नाही." ऐकणाऱ्याने यशच्या त्या बाईंचा नंबर मागवला असता.

आणि तिकडे काम वाढत होतं. आई रोज संध्याकाळी बातमीपत्र द्यायची. आधी शेल्फ. मग शेल्फच्या मापात भिंत बसेना म्हणून भिंतीला गिलावा. मग कपाट, सरकत्या दाराचं. "बाबा स्वतः उभे असतात सुताराजवळ," आई म्हणाली. "जेवायला बोलावलं तर येत नाहीत. कधी एवढा उत्साह बघितलेला नाही मी यांच्यात. तू आधीच यायला हवं होतंस." मागे लाकूड कापायचं मशीन किंचाळत होतं. मी म्हटलं, आई, कपाट वगैरे कशाला. ती म्हणाली, "मग कपडे काय डोक्यावर ठेवशील?" माझ्या तोंडात ते वाक्य तयार होतं. पण ते पाकिटातही होतं. दोन्हीकडून एकदम निघालं असतं तर चार पानांचं शिळं झालं असतं, आणि बाबांच्या हातात शेवटी एक ऐकलेली बातमी पडली असती: मुलगा येत नाही. कारणं कुणी नंतर वाचत नाही.

शनिवारी मी पोस्टात गेलो. खिडकीमागे कृष्णवेणी नावाच्या बाई होत्या, पाटीवर नाव होतं. त्यांनी माझं तमिळ शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत उत्तर दिलं, म्हणजे माझं तमिळ कसं आहे ते कळलं. पेटी सुखरूप आहे, त्या म्हणाल्या. रस्त्याच्या कंत्राटदाराने ती आपल्या गोदामात नेली आहे.

"मग पत्रं काढता येतील?"

"नक्की. किल्ली आमच्याकडे आहे." खण उघडून त्यांनी ती मला दाखवलीसुद्धा, भलीमोठी, चकचकीत.

"आणि पेटी?"

"पेटी त्यांच्याकडे."

"गोदाम कुठे आहे?"

"त्याने फोन उचलला की सांगेल. आमचा माणूस लगेच जाईल." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी खण अर्धवट लावला. "अर्जंट आहे का? मग फोन करून सांगा ना त्यांना. काय लिहिलंय ते तुम्हाला ठाऊकच आहे."

मला काय लिहिलंय ते ठाऊक होतं, हीच तर अडचण होती. दुसरं लिहायला मी बसलो होतोच. आदल्या दिवशी, त्याच कागदावर, त्याच पेनने. पहिल्या ओळीपासून ते निवेदन झालं. 'वरील विषयास अनुसरून' तेवढं लिहायचं राहिलं. तेच पत्र दुसऱ्यांदा लिहिलं की हात पुढे जात नाही, पुढे काय आहे ते त्याला माहीत असतं. तिसऱ्या परिच्छेदात मी चक्क 'याची आम्ही योग्य ती काळजी घेतली आहे' असं लिहिलं. कागद चुरगाळला. रबराला पुन्हा तडा.

परत आलो तर कनकाबाई झोपाळ्याशेजारी विळीवर वांगी चिरत होत्या. "काय रे मानाजी, तोंड असें कां?"

मी सगळं सांगितलं. पेटी, किल्ली, कपाट, सरकती दारं.

"पेटींत आहे म्हणजे वाटेवर आहे," त्या म्हणाल्या. "गप्प राहा."

"पण तोवर तिकडे सगळी खोली बांधून होईल!"

"होऊं दे. कपाट कोणास वाईट?"

"कनका," रामस्वामी राव पेपर खाली घेऊन म्हणाले. मी त्यांचा पूर्ण चेहरा तेव्हा पहिल्यांदा बघितला असेन. "त्याचा बाप त्या खोलींत उभा आहे. रोज उभा आहे. पोर येणार म्हणून. तुझें शास्त्र तुझ्या बहिणीस ठेव."

कनकाबाईंचा विळीवरचा हात थांबला. मग म्हणाल्या, "बोल तर. पण सगळें बोलूं नको. थोडें पत्रास ठेव." आणि वांग्याचा देठ उडवला.

मी जिन्यावर जाऊन बसलो. उन्हाने पायरी अजून तापलेली होती, लुंगीतून चटका बसत होता, पण उठायचा कंटाळा आला. खूप दमल्यासारखं वाटलं. एक वाक्य बोलायचं, आणि त्यानंतर कदाचित निळ्या शाईचं काही येणार नाही. अनंत नावाचा तो माणूस जाईल, 'हं' राहील. माणसं मुलांवर रागावतात तेव्हा आधी काय बंद करतात? बोलणं. आमच्याकडे ते बंदच होतं. बंद करायला पत्रांशिवाय काही उरलं नव्हतं.

"आई, बाबांना दे."

"काय झालं?" आईचा आवाज एकदम उभा राहिला. आजवर मी बाबांना कधी मागितलं नव्हतं. "बरं नाहीये का? ताप आहे? मला सांग आधी."

"काही नाही गं. दे."

खडखडाट. मशीनचा आवाज जवळ आला, म्हणजे फोन खोलीत पोचला. लाकडाचा भुसा मला नाकात आल्यासारखा वाटला.

"हं."

"बाबा, मी येत नाहीये."

मशीन चालू होतं. मग बाबा कुणाला तरी म्हणाले, "जरा थांबा हो," आणि ते थांबलं. तिकडे एक पंखा फिरत होता.

"कारण?" बाबा म्हणाले.

"पत्रात लिहिलंय."

"पत्र आलं नाही."

"हो. ती पेटी... ते वाटेत आहे. उशीर होईल, पण येईल. चार पानं आहेत."

"चार." त्यांचा श्वास फोनवर घासत होता. ते काय बघत असतील, गिलावा, की कपाटाचा सांगाडा, मला दिसत नव्हतं. मला एकदम सगळं सांगून टाकावंसं वाटलं, हॉल, पेपर, स्कूटरवरचं कुत्रं.

"मग येऊ दे," बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, पण खाली, कोपऱ्यात तोंड करून बोलल्यासारखा. "आलं की वाचतो. तोवर मी काही ऐकलेलं नाही."

"बाबा..."

"ठेवतो."

त्यांनी ठेवलं नाही. बटण सापडलं नाही. फोन कुठेतरी फळीवर आडवा पडल्याचा आवाज झाला. सुतार काहीतरी विचारत होता, आणि बाबा त्याला म्हणाले, राहू द्या आज, सोमवारी बघू. मग बांगड्या वाजल्या, आईची पावलं दारापर्यंत आली.

"काय म्हणत होता? काय झालंय त्याला?"

"कुठे काय," बाबा म्हणाले. "जेवलाय म्हणतोय."